शरदात बाग रंगीत ठेवायची तर झाडं कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरासमोर वीस फूट बाय तीस फूट जागा आहे, पश्चिमेकडून उघडी, आणि एका अंगाला दिवसभर ऊन घेणारी विटांची लाल भिंत. हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडते. उन्हाळाभर बाग छान दिसते, पण शरद लागला की सगळं तपकिरी होतं. मागच्या शरदात फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या आणून जमिनीत लावल्या, त्यांतली एकही पुढच्या वर्षी उगवली नाही. आता लाल पानांचा मॅपल लावायचा विचार आहे, तर कोणता घ्यावा, सोबत काय लावावं आणि शरदात किती छाटावं?

मी बऱ्याच वर्षांपासून लोकांना बागा आखून देते आणि हा प्रश्न दर शरदात येतो, बहुतेक वेळा मॅपलचं नाव घेऊनच. पण मॅपल आणून तुमची अडचण सुटणार नाही. एका झाडाची पानं रंगून गळेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात, मध्ये जोराचा वारा-पाऊस आला तर त्याहून कमी. तुमची रिकामी जागा मात्र दोन-अडीच महिन्यांची आहे, उन्हाळा उतरायला लागल्यापासून झाडं उघडी पडेपर्यंत. तुमच्या बागेतलं जवळपास सगळं उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी निवडलेलं असणार, कारण आपण रोपवाटिकेत वसंतात जातो आणि त्या दिवशी जे फुललेलं असतं ते घेऊन येतो. म्हणून मी निवड उलट्या टोकाकडून करते. पानं गळून गेल्यावर काय उरेल ते आधी ठरवते, मग पानांच्या रंगाचे दिवस, आणि फुलांचा विचार शेवटी.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे तुमच्याकडे पहिली गोठवणारी रात्र केव्हा येते. ती लवकर येत असेल तर डेलिया, कॉसमॉस, झिनिया, झेंडू यांच्यावर शरद उभा करू नका. डेलिया ऐन बहरात असतो आणि एका रात्रीत काळा पडतो. थंडी उशिरा येत असेल तर हीच झाडं शरदाचा अर्धा भार उचलतात. दुसरी गोष्ट मातीची. चुनखडीच्या मातीत लाल मॅपल, लिक्विडअंबर अशी झाडं पिवळट आणि किडकिडीत राहतात, आणि मग शरदात त्यांच्याकडून रंगाची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. मातीचा सामू आधी तपासून घ्या. तुम्ही दक्षिण गोलार्धात असाल तर पुढे जिथे महिन्याचं नाव येईल तिथे सहा महिने पुढे मोजा. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कडक थंडी पडतच नाही, त्यांनी पानांच्या रंगाचा नाद सोडलेला बरा. तिथे शेवंती, झेंडू, कोंबडा ही फुलं आणि क्रोटन, कोलियस यांची मुळातच रंगीत असलेली पानं हाच खरा आधार.

आता पानांचं. ती का रंगतात हे एकदा कळलं की निवडीतले अर्धे प्रश्न सुटतात. दिवस लहान आणि रात्री थंड व्हायला लागल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र खोडात आणि मुळांत परत ओढून घेतं. पिवळा आणि नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स पानात उन्हाळाभर असतातच, हिरवा पडदा हटला की ती दिसू लागतात. त्यामुळे गिंको आणि बर्च यांचा पिवळा दरवर्षी जवळपास खात्रीने येतो. लालाचं तसं नाही. लाल आणि जांभळा रंग देणारी अँथोसायनिन्स झाड शरदातच, पानात साठलेल्या साखरेपासून, नव्याने तयार करतं. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन हवं आणि रात्री गार पण गोठणबिंदूच्या वर हव्यात. ढगाळ, उबदार शरद गेला की तेच झाड मळकट नारिंगीवर थांबतं.

यातून माझे काही ठोकताळे निघतात. लाल रंगासाठी लावायचं झाड सावलीत लावू नये, कारण उन्हात लालभडक होणारी झुडपं सावलीत फिकट गुलाबी किंवा पिवळी राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी नत्राचं खत देऊ नये, त्याने कोवळी वाढ चालू राहते, रंग लांबतो आणि थंडीत तीच वाढ करपते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याचा ताण पडला तर झाड रंगायच्या आधीच पानं टाकतं, तेव्हा त्या दिवसांत खोलवर पाणी द्या. आणि सगळी भिस्त लालावर ठेवू नका. बागेत एखादं तरी पिवळं पान हवंच, म्हणजे ढगाळ वर्षीही काहीतरी हातात राहतं.

रोपं घेताना बियांपासून वाढवलेली कोणती आणि कलमी किंवा नाव असलेल्या वाणाची कोणती, हे विचारून घ्या. बियांपासूनच्या लाल मॅपलमध्ये एक झाड शेंदरी होतं, शेजारचं नुसतं पिवळं. नाव असलेल्या वाणाचा रंग ठरलेला असतो, आणि रंगण्याची वेळही. ‘ऑक्टोबर ग्लोरी’ हा मॅपल फार सुंदर आहे, पण तो उशिरा रंगतो, त्यामुळे थंडी लवकर येणाऱ्या ठिकाणी रंगायच्या आतच त्याची पानं गोठून जाऊ शकतात. गिंको घेताना नर झाडाचं कलमच घ्या, ‘ऑटम गोल्ड’ हे त्यातलं एक. मादी झाडाच्या बिया जमिनीवर पडून कुजल्या की जो वास सुटतो, तो शेजाऱ्यांशी संबंध बिघडवायला पुरेसा असतो. शक्य असेल तर झाड शरदातच, रंगलेलं असताना, डोळ्यांनी पाहून निवडावं. रोपवाटिकेतल्या पाटीवरच्या छायाचित्रावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मग तुमच्यासाठी कोणता मॅपल? माझं उत्तर: कोणताच नाही. लाल मॅपल चाळीस-पन्नास फूट आणि त्याच्याही वर जातो. वीस फुटांच्या जागेत तो दहा-पंधरा वर्षांनी उरलेल्या सगळ्या बागेचं ऊन आणि पाणी खाऊन बसेल. जपानी मॅपल आकाराने बसतो, आणि ‘ओसाकाझुकी’सारखा शेंदरी रंग दुसऱ्या कुणाला क्वचितच जमतो. पण त्याला दुपारचं कडक ऊन आणि वारा सोसत नाही. तुमची जागा पश्चिमेकडून उघडी आहे, तेव्हा उन्हाळ्यातच त्याच्या पानांच्या कडा करपतील आणि शरदात रंगायला धड पान शिल्लक राहणार नाही. घराच्या आडोशाला सकाळचंच ऊन येणारा कोपरा असेल तर तिथे जरूर लावा. तसा कोपरा नसेल तर अमेलँकियर बघा. त्यातला ‘ऑटम ब्रिलियन्स’ हा वाण पंधरा ते पंचवीस फुटांत थांबतो, वसंतात पांढरा फुलतो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याला खाण्याजोगी जांभळी फळं येतात (बहुतेक पक्षीच खातात) आणि शरदात पानं नारिंगी-लाल होतात. लहान जागेत झाड एकच बसणार असेल तर त्याने तीन ऋतूंत काम करावं, असा माझा आग्रह असतो.

इथे एक सावधगिरी. शरदातल्या लाल रंगासाठी सर्रास सुचवली जाणारी दोन झुडपं म्हणजे पंख असलेल्या फांद्यांचा युऑनिमस आणि जपानी बार्बेरी. उत्तर अमेरिकेत ही दोन्ही बागेबाहेर पसरून रानं व्यापतात आणि तिथल्या काही राज्यांत त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. तुमच्या भागातल्या नियमांची चौकशी करा, आणि नियम नसला तरी पर्याय बघा. फोदरगिलाच्या एकाच झुडपावर पिवळा, नारिंगी आणि लाल असे तिन्ही रंग येतात, फक्त माती आम्लधर्मी हवी. ओकसारख्या पानांचा हायड्रेंजिया सावकाश वाइनच्या रंगाचा होतो आणि पानं बरेच दिवस धरून ठेवतो. माझ्या मते लहान बागेत त्याच्याइतकं गुणी झुडूप दुसरं नाही.

आता रंग कुठे लावायचा याबद्दल. रोपांच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही आणि फरक मात्र इथेच पडतो. शरदात सूर्य खाली उतरलेला असतो. उन्हाळ्यात डोक्यावरून येणारं ऊन आता आडवं येतं. पान किंवा तुरा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये असेल तर तो आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तोच तुरा वाळक्या काडीसारखा दिसतो. एकच रोप, फक्त जागा वेगळी. तुमची बाग पश्चिमेला उघडी आहे, म्हणजे संध्याकाळचं आडवं ऊन तुम्हाला आयतं मिळतंय. घरातून ज्या खिडकीजवळ तुम्ही रोज बसता तिथे शरदातल्या एखाद्या संध्याकाळी उभं राहा, ऊन कुठून आत येतं ते बघा, आणि त्या रेषेत गवतं लावा.

शोभेची गवतं ही शरदाची खरी कमाई आहे. मिस्कँथस उंच, त्याचे तुरे आधी तांबूस आणि मग रुपेरी होतात. काही भागांत तोही बियांनी पसरतो, तिथे पॅनिकम घ्यावं. त्यातल्या ‘शेनान्डोआ’ वाणाची पाती उन्हाळ्याच्या मध्यापासूनच टोकांना लाल व्हायला लागतात. म्युलेनबर्गिया कॅपिलॅरिस फुललं की गुलाबी धुकं उतरल्यासारखं दिसतं, पण त्याला उबदार जागा आणि उत्तम निचरा लागतो. गवतांचा मोठा फायदा हा की थंडी पडल्यावरही ती उभी राहतात. बाकी सगळं संपल्यावर गव्हाळ रंगाचे ते झुबकेच बागेला आकार देतात.

पार्श्वभूमीचंही तितकंच. नारिंगी-लाल झाड विटांच्या लाल भिंतीपुढे लावलंत तर ते भिंतीत विरघळून जाईल. लालाच्या मागे गडद हिरवं हवं, यू किंवा हॉलीसारखं सदाहरित कुंपण. तुमच्या भिंतीपुढे पिवळा, पांढरा, निळसर जांभळा आणि गव्हाळ हे रंग उठून दिसतील. त्या भिंतीवर मी पिवळ्या फळांचा पायराकँथा तारांच्या आधाराने चढवीन. त्याला काटे बेताल असतात, तेव्हा वाटेच्या कडेला नको. पक्षी लाल फळं आधी संपवतात आणि पिवळ्यांकडे मागून वळतात असा माझा अनुभव आहे, त्यामुळे भिंतीवरचा रंग जास्त दिवस टिकतो.

फळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, कारण इथे लोक हमखास फसतात. पानगळी हॉलीच्या उघड्या फांद्यांवर लाल मण्यांसारखी फळं लगडतात आणि ते दृश्य बघून लोक एक रोप घेऊन येतात. पण त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर जवळ नसेल तर मादीला फळ धरत नाही, आणि दोघांच्या फुलण्याची वेळही जुळायला हवी. ‘रेड स्प्राइट’ ही मादी लवकर फुलते, तिच्यासोबत ‘जिम डँडी’ हा नर लावतात. ‘विंटर रेड’ उशिरा फुलते, तिच्यासाठी ‘सदर्न जेंटलमन’. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. एवढी जागा आणि ओलसर आम्लधर्मी माती नसेल तर कॅलिकार्पाचा ‘प्रोफ्यूजन’ हा वाण घ्या. त्याची जांभळी फळं खरी वाटत नाहीत इतकी चकचकीत असतात, आणि एकट्या झुडपावरही येतात. जोडीला दुसरं असेल तर जास्त धरतात.

फुलांकडे येताना आधी तुमच्या शेवंतीचा हिशेब. शेवंती रात्री लांबल्या की कळ्या धरते. शरदात कुंडीत विकायला येणारी रोपं त्या दिवसांत गच्च फुलावीत म्हणूनच वाढवलेली असतात. त्यांची सगळी ताकद फुलांत गेलेली असते, आणि जमिनीत लावल्यावर थंडी पडायच्या आत नवी मुळं धरायला वेळच उरत नाही. म्हणून ती मेली, त्यात तुमचं काही चुकलं नाही. जमिनीत कायमची हवी असेल तर थंडी सोसणारी बागेतली शेवंती वसंतात लावा आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेंडे खुडत राहा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडेल अशी जागा टाळा, कारण त्या उजेडाने रोपाला रात्र लहान वाटते आणि कळ्या लांबतात.

ॲस्टरशिवाय शरदाची बाग मला कल्पनेत आणता येत नाही. न्यू इंग्लंड ॲस्टर उंच वाढतात, बुडाशी उघडे पडतात, पानांवर भुरीही येते. त्यावर साधा उपाय म्हणजे त्यांना दुसऱ्या ओळीत ठेवणं, पुढच्या रोपांनी त्यांचे पाय झाकले जातात. मेच्या अखेरीस त्यांचे दांडे एक-तृतीयांश कापले तर रोप ठेंगणं, भरगच्च होतं आणि फुलं थोडी उशिरा येतात. अर्धे दांडे कापून अर्धे तसेच ठेवले तर बहर आणखी लांबतो. भुरीचा त्रास नको असेल तर फ्रिकार्टी ॲस्टरमधला ‘मॉन्श’. तो उन्हाळ्याच्या मध्यापासून थंडीपर्यंत फिकट जांभळा फुलत राहतो, आणि विटांच्या लालपुढे हा रंग फार सुंदर दिसतो.

पुढच्या ओळीत सेडम. ‘हर्बस्टफ्रॉइडे’, म्हणजेच ‘ऑटम जॉय’, हा वाण जर्मनीच्या गेओर्ग आरेंड्स यांच्या रोपवाटिकेतून 1955 साली आला आणि अजून त्याला तोड नाही. गुलाबी, मग विटकरी, मग तपकिरी असे त्याचे गुच्छ महिनोन् महिने रंग बदलतात. त्याला खत देऊ नका, मुरमाड कोरडी माती द्या. सुपीक मातीत तो मधूनच फाकून आडवा पडतो. ओलावा टिकणारी माती असेल तर हेलेनियमचे तांबूस-नारिंगी रंगही घ्या. सावलीचा भाग असेल तर जपानी अ‍ॅनिमोन. पांढरा ‘ऑनरीन जोबेर’ 1858 पासून बागांत आहे. बसायला दोन वर्षं घेतो, आणि एकदा बसला की मुळांनी इतका पसरतो की त्याला आवरावं लागतं. झाडाखालच्या कोरड्या सावलीसाठी आयव्हीसारख्या पानांचा सायक्लॅमेन. त्याची फुलं शरदात येतात आणि नक्षीदार पानं हिवाळाभर राहतात. कोल्चिकमही सुंदर आहे, पण तो सबंध विषारी असतो, आणि वसंतात येणारी त्याची पानं रानलसणीच्या पानांसारखी दिसतात. घरात लहान मुलं किंवा कुत्री असतील तर नकोच.

हे सगळं एकत्र करून तुमच्या जागेत मी काय करीन? भिंतीवर पिवळ्या फळांचा पायराकँथा. भिंतीपुढे ‘मॉन्श’ आणि सेडम, मध्ये मध्ये मिस्कँथस किंवा पॅनिकम, एकेकटं नव्हे, तीन-तीनच्या घोळक्यात. भिंतीच्या समोरच्या अंगाला अमेलँकियर, त्याच्यामागे गडद हिरवं कुंपण, आणि झाडाखाली सायक्लॅमेन. ओकपानी हायड्रेंजिया घराजवळच्या अर्धसावलीत. पश्चिमेची कड उंच झुडपांनी बंद करू नका, तिथे विरळ गवतंच असू द्या. एवढंच. वीस बाय तीसमध्ये सात-आठ जाती पुरतात. वीस जातींची एकेक रोपं लावली तर काहीच नजरेत भरत नाही.

लागवडीची वेळ: झाडं आणि झुडपं शरदाच्या सुरुवातीला, माती अजून उबदार असताना लावा, मुळं लवकर धरतात. गवतं, ॲस्टर आणि शेवंती वसंतात. यंदाच्या शरदाला यातलं काहीच कामी येणार नाही, तेव्हा या वर्षापुरत्या शेवंतीच्या कुंड्या खुशाल आणा, पण कळ्या नुकत्याच रंग दाखवू लागलेल्या बघून, आणि फुलदाणीतल्या फुलांसारख्या पाहुण्या समजून. सोबत शोभेची कोबी ठेवा. थंडी वाढेल तसा तिचा जांभळा रंग गडद होत जातो.

छाटणीबद्दल: शरदात जवळजवळ काहीच कापू नका. गवतं, सेडमचे वाळके गुच्छ, हेलेनियमची बोंडं हिवाळ्याच्या शेवटापर्यंत उभी ठेवा आणि नवे कोंब दिसायच्या आत जमिनीलगत छाटा. कॅलिकार्पा लावलात तर त्याचीही छाटणी वसंतातच, कारण तो नव्या फांद्यांवर फुलतो. अपवाद फक्त भुरी पडलेल्या ॲस्टरचा. त्याचे दांडे आणि खाली पडलेली पानं फुलं संपताच गोळा करून बागेबाहेर टाका, कंपोस्टच्या ढिगात नको.